मृदंग घ्यायला घाटाखाली

जुन्नराहून कल्याणास जाऊन आलेला माणूस आमच्या आळीत नवा नाही. मिठासाठी बैल हाकत कित्येक जण जाऊन आले. पण ते परत आले की गोण्या उतरवतात आणि झोपतात. मी परत आल्यापासून मात्र देवळाच्या पायरीवर बसलो की कोणी ना कोणी विचारतंच, “एक मृदंग घ्यायला एवढे दिवस लागतात होय?” प्रत्येकाला नव्याने सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचणाऱ्याकडून ऐकावं. वाचणाऱ्याने मात्र पदरची भर घालू नये, ती मी आधीच घातलेली आहे.

आम्ही गुरव. शंकराला बेल-पाणी आणि कीर्तनाला मृदंग ही घरची वहिवाट. मिसरूड फुटायच्या आधीपासून माझे हात त्या कातड्यावर पडत आले आहेत. यंदा शिमग्यात माझ्या मृदंगाचं खोड या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलं. रामनवमीचा उत्सव तोंडावर आला होता, आणि उत्सवाचे कीर्तनकार बुवा समाचाराला आले ते मृदंगाच्या नव्हे, स्वतःच्या सोयीच्या. म्हणाले, “तुमचं वाद्य नाही जमलं तर मंचरचा तबलजी बोलावतो. हल्ली नाटकवाल्यांकडे सगळीकडे तबलाच असतो.”

तबल्याविषयी माझं मत एवढंच आहे की धडधाकट मृदंग मधोमध कापावा आणि त्याचे दोन तुकडे उभे करून त्याला वाद्य म्हणावं, हे घरफोडीचं लक्षण आहे. पण मत असून उपयोग काय? तो तबलजी एकदा माझ्या जागेवर बसला असता तर पुन्हा उठला नसता. तेव्हा रामनवमीच्या आत नवा मृदंग आणणं भाग होतं.

मृदंग पुण्यालाही मिळतो आणि पुणं जवळ आहे. मी बायकोला सांगितलं, “कल्याणच्या बाजूचं खैराचं लाकूड फार चांगलं, तिकडेच जातो.” ती भाकरी थापत होती. म्हणाली, “ठकी वाळली आहे का ते नीट बघून या.” लाकडाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

ठकी आमची एकुलती एक लेक, कल्याणच्या बाळोबा गुरवांच्या मुलाला दिलेली. सासरी गेल्यापासून तिची माझी भेट नव्हती. बापाने मुलीच्या घरी उगाच जाऊ नये, आणि तिला मूल होईपर्यंत तिच्या घरच्या अन्नपाण्याला तर शिवूच नये, अशी आमच्याकडे रीत आहे. देवाने अजून तिची ओटी भरली नव्हती. म्हणजे मला जायला निमित्त नाही, आणि गेलो तर राहायला सोय नाही. खोड तडकलं तेव्हा आळीतल्या चार जणांनी हळहळ केली. मीही केली, पण मनातून मला तेवढं वाईट वाटलेलं नव्हतं.

घाट

नाणेघाट चढणाऱ्याला दम लागतो आणि उतरणाऱ्याला लाज वाटते, कारण अर्धा घाट मी बसून उतरलो. धोतराचं जे झालं ते इथे लिहीत नाही. खाली पहिल्या गावात एका घरी भाकरी मागितली, तर पांढरीशुभ्र, चंद्रासारखी भाकरी पुढे आली. तांदळाची. मला वाटलं, काही सणवार आहे. विचारलं तर बाई हसायला लागली. आमच्याकडे भात म्हणजे पाहुण्याच्या पानातला मान. इथे उठता भात, बसता भात, आणि गहू म्हणाल तर वाण्याकडे औषधासारखा पुडीतून मिळतो. मला बाजरी नसल्याचं दुःख नव्हतं, पण गहू नाही म्हटल्यावर मी सावध झालो.

ज्यांनी मृदंग फक्त ऐकला आहे त्यांच्यासाठी सांगतो. मृदंगाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची घोटलेली असते. डाव्या तोंडाला तसं काही नसतं. वाजवायच्या आधी गव्हाची ओली कणीक मळून तिचा लहानसा गोळा तिथे मधोमध बसवावा लागतो, तेव्हा कुठे पोटातून ‘धुम’ असा आवाज निघतो. कणीक नसेल तर मोठमोठ्या वादकाचा मृदंगसुद्धा रिकामा डबा. माझ्या घरी ही कणीक ठकीच मळायची, हाताला इवलीशी बुटकी बोटं होती तेव्हापासून. तिच्यासारखी कणीक तिच्या आईलाही जमली नाही.

कल्याण

बाळोबांचं घर तळ्याजवळच्या देवळाला लागून आहे. व्याही म्हणजे मोठं खटलं: भरगच्च मिशी, भरगच्च पोट, आणि गाणं-वाजवणं आपल्याला फार कळतं अशी भरगच्च समजूत. त्यांनी मृदंग केव्हाच सोडला, आता पत्रावळींचा धंदा करतात, आणि जावई त्याच धंद्यापायी मुंबईला गेलेले होते. पण कोणी वाजवायला बसलं की मान डोलावतात, आणि नेमकी समेच्या एक मात्रा नंतर.

“या व्याहीबुवा, पाय धुवा, पाणी घ्या,” त्यांनी ओटीवरूनच हाक दिली.

“पाय धुतो. पाणी माझ्या तांब्यात आहे.”

“अहो, कल्याणात आमच्या विहिरीला नाव आहे.”

“नाव मोठं आहे, म्हणून तर लांबूनच नमस्कार करतो.”

ठकी दाराआडून आली आणि पायाला हात लावला. वाळली नव्हती. पदर डोक्यावर, नजर खाली, अगदी सुनेसारखी सून. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं आहे, आणि ती त्या नावाला साजेशी वागत होती. मला ते फार परकं वाटलं. मग खाली वाकलेली असतानाच ती पुटपुटली, “अण्णा, धोतर मागून फाटलंय.” तेव्हा मला बरं वाटलं, आमची ठकी आत शाबूत होती.

मुक्काम समोरच्या धर्मशाळेत टाकला. तीन दगड मांडून माझा भात मीच शिजवायचा, तो कधी चिकट, कधी करपलेला. आणि संध्याकाळी व्याही मुद्दाम ओटीवर पाट मांडून जेवायचे. वालाचं बिरडं, ओल्या नारळाचं वाटण, वर कोकमाचं सार. भुरके असे मारायचे की देवळातला नंदी मान वळवून बघेल. “व्याहीबुवा, वास तरी घ्या, वासाला रीत आडवी येत नाही,” असं वर म्हणायचे. विहीणबाई आतून दटावायच्या, “पुरे आता, पाहुण्यांना छळू नका,” आणि आणखी एक वाटी बाहेर पाठवायच्या.

बंदराच्या वाटेवर हुसेनभाईंचं दुकान आहे. भले गृहस्थ. त्यांनी एक मृदंग काढून दिला, त्यांच्याच कणकेवर मी हात टाकला आणि आवाज ठीक निघाला. या बाजूला एक रीत आहे, ती मला आवडली. ओळखीच्या माणसाने शब्द दिला की वाद्य पसंतीसाठी घरी न्यायचं, निवांत वाजवायचं, नाही पटलं तर परत करायचं. बाळोबांनी मिशीवर हात ठेवून शब्द दिला.

संध्याकाळी व्याह्यांच्या ओटीवर बैठक जमली. मी विचारलं, “गव्हाचं पीठ आहे का घरात?”

“आहे थोडं. मी मळून आणते,” ठकी म्हणाली. तिने वाटी आणून दिली, वर पान झाकलेलं. ती वाटी हातात घेताना मला क्षणभर जुन्नर आठवलं आणि डोळे भरून आले. कणकेकडे मी बघितलंही नाही. सवयीने गोळा बसवला आणि वाजवायला लागलो. दोन आवर्तनं गेली असतील, कणकेचा भुगा होऊन माझ्या मांडीवर पडायला लागला आणि आवाज ‘धुम’ वरून ‘ढप’ वर आला.

इतकी वर्षं वाजवणाऱ्या माणसाला चार लोकांत काहीतरी कारण देणं भाग असतं. मी सांगितलं, कातडं कच्चं आहे, खाडीच्या हवेने त्याला आतून घाम सुटतो, त्यामुळे कणीक धरत नाही. हे सांगताना मलाही ते खरं वाटलं. बाळोबांनी मान डोलावली, नेहमीप्रमाणे थोडी उशिरा. ठकी वाटी उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी हुसेनभाईंनी मृदंग निमूट परत घेतला, पण माझ्याकडे असं बघितलं की मला दुसऱ्या रस्त्याने यावं लागलं.

डोंबिवली

डोंबिवली हे खाडीकाठचं शेतांचं गाव. भाताची कापलेली खाचरं, बांधावर ताडाची झाडं, घरांपुढे वाळत घातलेली सुकट. तिच्या वासाने माझ्या भस्माच्या रेघा वाकड्या झाल्या. तिथल्या पदू पाटलाकडे त्याच्या आज्याचा भजनातला मृदंग विकाऊ आहे, असं व्याह्यांना कळलं होतं.

पदूने मृदंग माळ्यावरून उतरवला, वरची धूळ खांद्यावरच्या फडक्याने झटकली. “बुवा, यो आमचे आज्याचा मुरदंग. लाकूर बघा, दगर हाय दगर.”

खरोखर दगडासारखं खोड होतं, जुनं आणि वजनदार. कातडंही नुकतंच बदललेलं. पदूकडे गहू नव्हता, म्हणून कोरड्या तोंडावरच थाप मारून बघितली. आशा वाटली. पुन्हा व्याह्यांचा शब्द, पुन्हा कल्याण, पुन्हा ओटी, पुन्हा पान झाकलेली वाटी. या खेपेला कणीक गळली नाही, घट्ट बसली. इतकी घट्ट की आवाजच बाहेर येईना. मृदंग तोंडात घास धरून बोलणाऱ्या माणसासारखा बोलायला लागला.

मी लगेच दुसरं कारण काढलं. लाकूड फार जुनं झालं की त्याला बहिरेपण येतं, असं मी म्हटलं. हे मी कुठे ऐकलं होतं म्हणाल तर तिथेच, माझ्या तोंडून. विहीणबाईंनी दाराआडून विचारलं, “मग आता?”

“आता दुसरीकडे बघायचं. अजून राहावं लागेल मला थोडे दिवस.”

आत कुठेतरी भांडं पडलं. ठकीचा हात तेवढा नीट असायचा, मला नवल वाटलं.

मृदंग परत द्यायला गेलो तेव्हा पदू पाटलाने तो माळ्यावर ठेवला आणि खाली उतरून शांतपणे म्हणाला, “मुरदंगाला नावं ठेवतंस बुवा, जरा हात बी बघ आपला.” व्याही तोंडावर उपरणं धरून हसले. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. दोन वाद्यं माझ्या हाताखाली मुकी झाली होती. दोष वाद्यात नसेल तर? त्या संध्याकाळी धर्मशाळेत भात शिजत असताना मी डाव्या हाताची बोटं एकेक करून मोडून बघितली. मंचरचा तबलजी मला माझ्या जागेवर बसलेला दिसायला लागला, आणि तो चांगला वाजवत होता.

वाचणाऱ्यांच्या ध्यानात काय ते आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या कणकेवर संशय घेण्यापेक्षा स्वतःच्या हातावर घेणं मला सोपं गेलं.

खाडी

ठाण्याला तात्या म्हणून एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे बघू, असं ठरलं. विहीणबाईंचा तिथल्या तळ्याकाठच्या महादेवाला सोमवारचा नवस होता, म्हणून सगळंच घर निघालं. आगगाडीने लवकर पोहोचता येतं, पण विहीणबाईंचा त्या धुरावर विश्वास नाही. तेव्हा कौलं भरलेल्या पडावातून, म्हणजे मालाच्या होडीतून, खाडीने निघालो. एका बाजूला पारसिकचे डोंगर, दुसरीकडे तिवरांची झाडी, मधून बगळे. बसल्या जागी मुलूख आपल्यापुढून सरकत जातो हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. आमच्या घाटात तो सगळा गुडघ्यांनी मोजावा लागतो.

मग ओहोटी लागली आणि पडाव चिखलात रुतला. तांडेल काठी टाकून विडी ओढत बसला. मी विचारलं, “आता काय?”

“पानी येल तवा जावाचा. घाई हाय त उतरा नि ढकला.”

घाई मलाच होती. मी उतरलो. घाटावरच्या माणसाला चिखल म्हणजे घोट्यापर्यंत, एवढंच ठाऊक असतं. मी मांडीपर्यंत आत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. पडाव हलला नाही, मीही हललो नाही. बाळोबांनी वरून हात दिला, तर ते खाली यायला लागले. शेवटी तांडेलाने मला दोरीने वर घेतलं. ठकी पदरात तोंड लपवून हसत होती, खांदे गदगदा हलत होते. सासूसासऱ्यांदेखत सुनेने असं हसावं का? पण विहीणबाई तिच्याहून जास्त हसत होत्या. पाणी यायला दुपार झाली. तोवर आम्ही सगळे त्या चिखलात एका जागी बसून होतो, आणि माझ्या लेकीचं हसणं ऐकत मला घाईचा विसर पडला.

ठाणे

ठाण्याजवळ येताना दोन्ही अंगांना मिठागरं लागतात. वाफ्यांत पाणी, काठाला मिठाचे पांढरे ढीग. आमच्या आळीतले लोक जे मीठ बैलांच्या पाठीवरून आणतात ते हेच. मी एक खडा चाखला. खारट होतं. गाव मोठं, तळी पुष्कळ, आणि जो तो दुसऱ्याला आपल्या तळ्याचं पाणी जास्त गोड असल्याचं सांगतो. बाळोबांचे चुलतभाऊ त्याच महादेवाच्या देवळात गुरव आहेत, त्यांच्याकडे सगळे उतरले. मी देवळाच्या ओवरीत माझी गाठोडी टाकली.

तात्यांच्या पडवीत मृदंग ओळीने टांगलेले होते. तिसऱ्यावर बोट वाजवलं आणि मी थांबलो. खैराचं खोड, कातडी वाद्या एकसारख्या ताणलेल्या. मी मुद्दाम हलकी थाप दिली, वय झालेल्या मनगटाला झेपेल अशी. तात्यांची कणीक त्यावर होतीच. आवाज असा निघाला की रस्त्यावरून जाणारा एक बैल थांबला. गाडीवानाने थांबवला असेल, पण मला तसं वाटलं.

मला तो मृदंग हवा होता. इतका हवा होता की मी ताबडतोब त्याला नावं ठेवायला लागलो. हे कातडं जरा पातळ, वादीखालचा हा लाकडी गठ्ठा जरा तिरपा. तात्या माझ्याकडे बघून हसले. ज्याला घ्यायचं नसतं तो वाद्याला नावं ठेवत नाही, हे त्यांना माहीत असावं.

बाळोबांना मात्र राहवलं नाही. दोनदा शब्द वाया गेलेला माणूस तो. म्हणाले, “तात्या, आज संध्याकाळी देवळात चार लोकांदेखत वाजवून घेतो. हा मृदंग नाही बोलला तर मी मिशी ठेवणार नाही.”

“मिशीचं राहू दे,” तात्या म्हणाले, “पण माझ्या वाद्याला आजवर कोणी परत पाठवलेलं नाही. तिथे मीही येतो.”

सोमवार होता, दिवे लागायच्या आधीच मंडपात माणसं जमली. तात्या खांबाला टेकून बसले. बाळोबा मिशीला पीळ देत मधोमध. बायका एका बाजूला. मी मृदंग मांडीवर घेतला, आणि ठकी पान झाकलेली वाटी घेऊन आली.

गोळा बसवला, बोटांनी दाबला, आणि ‘धा’ मारला. ढप. पुन्हा मारला. कणीक कातड्यावरून घरंगळत खाली आली, लोण्याचा गोळा घरंगळावा तशी.

तात्यांचा चेहरा उतरला. बाळोबांचा हात आपोआप मिशीकडे गेला. मी माझी बोटं बघितली. ती चमकत होती. तेल.

कणकेत तेल घातलं की ती कातड्याला धरत नाही, हे मृदंग्याच्या घरच्या माणसाशिवाय कोणाला सुचणार नाही. आणि हे माझ्याबरोबर आधी एकदा झालं होतं. ठकी परकर नेसायची तेव्हा मी ओझरच्या जत्रेला वाजवायला निघालो होतो आणि तिला नेणार नव्हतो. त्या दिवशी तिने कणकेत अर्धी पळी तेल ओतलं होतं. घरात वाजवून बघताना मृदंग बोलेना, आणि माझं जाणं राहिलं. मी तिला रागावलो नाही. उलट संध्याकाळी तिला खांद्यावर बसवून फिरवून आणलं.

म्हणजे हुसेनभाईंचं कातडं कच्चं नव्हतं. पदू पाटलाचं लाकूड बहिरं नव्हतं. माझा हातही गेला नव्हता. मला एवढं हायसं वाटलं की मी तिथेच हसणार होतो, पण तेवढ्यात बाळोबा म्हणाले, “थांबा, थांबा. कणकेतच काही घोटाळा दिसतो. सूनबाई, ती वाटी इकडे आण बघू.”

ठकी जागची हलली नाही. वाटी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. चिखलात हसणारी माझी पोर पांढरी पडली होती. त्या वाटीत काय आहे हे चार लोकांत उघड झालं असतं तर? सुनेने सासऱ्याचा शब्द तीन ठिकाणी खाली पाडला, भरल्या देवळात त्यांची मिशी पणाला लावली, हे बाळोबा विसरले असते का? माणूस चांगला आहे, पण मानाला हळवा. आणि कणकेला दोष द्यायचा नाही, तर मृदंगाला द्यायला हवा होता. म्हणजे तात्यांचं नाव जाणार, माझा मृदंग जाणार, आणि रामनवमीला तबलजी बसणार.

बाळोबांचा हात वाटीपाशी पोहोचायच्या आत मी वाटी ओढून घेतली, आत उरलेला गोळा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

कच्ची कणीक, निम्मं तांदळाचं पीठ, वर तेल. गिळताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कातड्यावरून पडलेला गोळा मी पायाने हळूच पायरीखाली सरकवला, तो तळ्यात गेला आणि माशांनी संपवला. त्यांना आवडला असावा.

बाळोबा तोंड उघडं टाकून बघत राहिले. “व्याहीबुवा, हे काय केलंत?”

“कणीक चाखून बघितली,” मी म्हटलं. “बेताची आहे. इथल्या गव्हाला चिकटपणा कमी. मी माझ्या हाताने पुन्हा मळतो.”

“ते नव्हे हो. तुम्ही मुलीच्या हातचं खाल्लंत.”

मंडपातल्या बायकांत कुजबुज झाली. मूल झालेलं नसताना बापाने लेकीच्या हातचं खाल्लं, ते चार लोकांत, देवाच्या समोर. मला ते गिळून झाल्यावर कळलं. आता काय होणार याची मला खरोखर धास्ती वाटली. तेवढ्यात विहीणबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. “खाल्लं तर खाल्लं. व्याही नातवाचं जेवण आगाऊ जेवले. आता नातू झालाच पाहिजे, त्याला इलाज नाही.”

लोक हसले. बाळोबा आधी दचकले, मग समेवर आल्यासारखे तेही हसले, या खेपेला अगदी वेळेवर. एवढे दिवस माझ्यापुढे भुरके मारून जे त्यांना साधलं नव्हतं ते आपोआप झालं होतं. त्यांना मिशीची आठवणच राहिली नाही.

मी देवळाच्या शिध्यातलं गव्हाचं पीठ घेतलं, स्वतः मळलं, मृदंगाचं डावं तोंड स्वच्छ पुसून गोळा बसवला. मग जो वाजवला तो इथे लिहून दाखवता येणार नाही. तात्यांनी डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मृदंग माझा झाला.

पुढचं आताच सांगून टाकतो, म्हणजे पायरीवर पुन्हा कोणी विचारायला नको. रामनवमीला मी वेळेवर पोहोचलो, मृदंग वाजला, तबलजी मंचरातच राहिला, आणि बुवांनी भर कीर्तनात माझ्याकडे बघून दोनदा “वा” म्हटलं. जाताना मी हुसेनभाईंच्या दुकानात थांबून, तुमचा मृदंग चांगला होता, चूक आमच्याकडची होती, एवढं सांगून आलो. पदू पाटलाला निरोप धाडला. काय चूक, ते दोघांनाही सांगितलं नाही.

पण ठाण्याची ती संध्याकाळ अजून संपलेली नाही. रीत मोडलीच होती, तेव्हा बाळोबा मला ओढतच पानावर घेऊन गेले. केळीचं पान, वालाचं बिरडं, भाताची मूद, वर तूप. एवढे दिवस ज्याचा वास घेतला ते सगळं समोर होतं. घास घेतला आणि मला बोलता येईना. बाळोबांना वाटलं, बिरड्याची तारीफ.

ठकी वाढायला आली. सासरे पलीकडे कोणाला तरी मृदंगाची थाप समजावून सांगत होते. मी मान खाली घालूनच म्हटलं, “ठके, तेल जरा जास्त झालं होतं.”

“माहितीये.” तिने भाताचं भांडं टेकवलं. “कल्याणला नुसतं तांदळाचं पीठ घातलं, पाटलाच्या मृदंगाला भाताची खळ कालवली, तरी तुम्ही लगेच दुसरा मृदंग शोधायला निघालात. म्हटलं, तिसराही मिळाला की झालं. उद्या घाट चढायला लागाल.”

“उद्या निघावंच लागेल गं. रामनवमी आली.”

“निघा की. मी कुठे नको म्हणतेय,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुम्ही समोर धर्मशाळेत करपलेला भात खाताय, आणि मी घरात सगळ्यांना वाढतेय.”

तिने न विचारताच दुसरी मूद माझ्या पानात घातली, मग तिसरी. माझं पोट पहिल्या मुदीलाच भरलं होतं. मी तिन्ही संपवून उठलो.